सोनूताईच्या पट्टीपाशी थांबलेला चर

मंडळी, जरा सावलीत सरकून बसा. पारूवहिनी, सकाळपासून दोन घास तरी पोटात गेले का? तात्या, दमा कसा आहे तुमचा? एवढ्या उन्हात काठी टेकत आलात. इमामभाई, हिवताप उतरला म्हणता, पण चेहरा अजून उतरलेलाच दिसतोय. आणि सोनूताई, डोंगराकडच्या अकोल्याहून गाडीत बसून आलीस, पाठ धरली नाही ना पोरी?

मी हे विचारत बसलोय, कारण पुढचं बोलायला जीभ उचलत नाही. पारूवहिनींचा धनी, सोनूताईचा भाऊ, आपला रंगनाथ गेला. त्याचा बांध तो माझा बांध. रोज सकाळी बांधावरून हाक यायची. आता त्या बाजूला बघवत नाही.

रंगनाथ देवमाणूस होता असं मी म्हणणार नाही. हट्टी होता. पाट आला, ऊस आला, लढाईत गुळाला भाव आला, आणि आपण सगळेच पाण्याला हपापलो. पाटाच्या पाण्याची पाळी आली की पाणी घ्यायचंच. रान ओलं असो, चिखल असो, पाळी सोडायची नाही. सोडली तर पुढं आपल्याला कोण विचारतो, ही भीती. रंगनाथ या कामात सगळ्यांच्या पुढं. इमामभाई, तुम्हीच त्याला बांधावरून म्हणाला होता, "रंगूआप्पा, उसाला पानी पाजताय का पवायला शिकिवताय?" तो म्हणाला, "तुमी तुमचं बगा. माजा ऊस तहानलाय."

ऊस पिवळा पडत होता ना! पिवळा पडला म्हणून पाणी दिलं. पाणी दिलं म्हणून आणखी पिवळा पडला. आपल्यापैकी कोणाला कळलं तेव्हा? मलाही नाही कळलं.

मग त्याच्या खोलगट कोपऱ्यात पांढरं फुटलं. पापडखार सांडावा तसं. ओली माती चिमटीत धरली तर साबणासारखी बुळबुळीत, वाळली की नांगराला दाद देत नाही. ज्वारी पेरली, उगवली नाही. पुढच्या साली माझ्या रानात, मग इमामभाईंच्या. काळीभोर, आपल्या बापजाद्यांनी मिरवलेली जमीन, आणि तिची नापीक चोपण झाली.

सोनूताई, तू दिवाळीला आलीस तेव्हा म्हणाली होतीस, "दादा, आमच्याकडं डोंगराचं पानी पळून जातं म्हनून आमी रडतो. तुमी तर पान्याला कोंडून घातलंय." तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खड्डा खणला. कमरेइतका खोल गेला नाही तोच खालून पाणी पाझरलं. मला हाक मारून म्हणाला, "पान्याला यायला वाट केली आपन, जायला केलीच न्हाई."

तिथून त्याने चर धरला. सगळ्यांच्या रानातलं मुरलेलं पाणी ओढ्याला काढायचं. ज्याला त्याला भेटला, ज्याच्या त्याच्या शिव्या खाल्ल्या. तात्यांनी चरासाठी लिंबोणीचं झाड तोडू दिलं, आणि वर म्हणाले, "आता लोनचं तुज्याच घरनं येऊ दे." चर खणत खणत खाली गेला, आणि थांबला.

कुठं थांबला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओढ्याकाठची गाळाची, पोयट्याची पट्टी. त्याने सोनूताईला चोळीबांगडीसाठी दिलेली. आपल्या शिवारातली तेवढीच जमीन आज निरोगी आहे. आम्ही म्हणालो, अरे, बहिणीला विचार. तो म्हणाला, "दिलेल्या चोळीला मी कातर लावू व्हय? तिनं काय म्हनायचं मग? भावानं एका हातानं दिलं न् दुसऱ्यानं घेतलं?" त्याने विचारलं नाही. आम्हालाही विचारू दिलं नाही. मग ताप आला, आणि त्या तापातच गेला.

सोनूताई, दुखवट्याच्या घरात हे बोलावं का, रात्रभर माझं मन खात होतं. अजून खातंय. रडायला आलेल्या बहिणीपुढं पदर पसरणं बरं दिसत नाही. पण तू परत गेल्यावर हे कोण काढणार? चर तिथंच तुंबलाय. पाटाचं पाणी सुटलं की तो उलटा भरेल, आणि पहिलं बुडेल ते पारूवहिनींचं रान. पोरांना घेऊन त्या कुठं जातील?

तुला गोड बोलून फसवणार नाही. चर तुझ्या पट्टीतून ओढ्यापर्यंत नेला तर तिचा मधला भाग जाईल. आमचं खारं पाणी तुझ्या रानातून वाहील. कडेला काय पिकेल, मला सांगता येत नाही. बदल्यात वरच्या अंगाची माझी माळाची जमीन घे. पोयटा नाही, हलकी आहे, पण कोरडी आहे. आज काही बोलू नकोस. मान हलवू नकोस. चार माणसांत दिलेला शब्द मला नको. घरी जा, पाव्हण्यांशी बोल, रड, रागव. नाही म्हणालीस तरी माहेर तुझंच राहील. कोणी टोमणा मारला तर मला सांगायचं.

आता सगळे उठू. तात्या, तुम्ही बसूनच राहा. रंगनाथाच्या नावानं घटकाभर गप्प राहू.

...

बसा मंडळी.

सोनूताई, हो असो की नाही असो, कोणाकडून तरी एक कार्ड लिहवून घे पोरी, आणि लवकर टाक. पाटाला पाणी सुटायच्या आत तुझं उत्तर येऊ दे.