टाळ्या वाजवणारा कॉम्प्युटर

आमचा बापू मूळचा साताऱ्याचा, नाटकांना आवाज द्यायचा. पाऊस, गडगडाट, घोड्यांच्या टापा, सगळं टेपवर. पुढं नाटकंच बंद पडत गेली, तसा तो कॉम्प्युटर शिकला आणि सांगलीत माझ्या हळदीच्या पेढीसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम करून घेऊन आला. म्हणाला, "शेठ, पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. तुम्ही नको म्हणालात तर माझं इथंही संपलं."

आता आमच्या बाजारात भाव ठरतो तो रुमालाखाली बोटं दाबून, शेजाऱ्यालाही कळता कामा नये. मलकापूरच्या व्यापाऱ्यानं तसा भाव दिला. मी तो चिठ्ठीवर लिहून बापूकडं सरकवला, त्यानं कॉम्प्युटरात घातला, आणि पेढीभर टाळ्यांचा कडकडाट!

"हे काय रे?"

"फायदा असला की टाळ्या, तोटा असला की गडगडाट. स्क्रीनकडं बघायलाच नको!"

मलकापूरकरानं रुमालातला हात काढून घेतला. "आवं शेठ, येवढ्या टाळ्या? म्हंजे म्या लयच दिलं की! उतरवा भाव."

शेजारची पेढी खो-खो हसली. मी बापूला म्हटलं, "आवाज तेवढे काढून टाक, प्रोग्रॅम आत्ता घेतो."

त्यानं खाली मान घालून एकेक आवाज पुसला. प्रोग्रॅम झकास चालला. मी चहा मागवला, तर तो स्पीकर पिशवीत भरत होता.

"अरे, विकला गेला की तुझा माल! तोंड का पाडतोस?"

"काही नाही, शेठ. नाटकात निदान पडदा पडेपर्यंत तरी लोक माझं ऐकायचे."