लिलाधर डॉक्टरचा हात

किरायाचं सोडा जी डॉक्टरीनबाई, खोली कुठं पळून चालली — बसा, चहा येते. आत्ता काय बोलून गेल्या तुमी? डॉक्टरकी म्हंजे शेवटी कलाच — असंच ना? म्हनून थांबवलं. मी शिकलो नाही, पन या सिहोऱ्यात धान घेऊन घेऊन म्हातारा झालो. दाना दातात फोडला का ओला का सुका, समजते मले — हे झाली कला. मीटर लावला, आकडा आला — ते सायन्स. मी काय करतो? दुसऱ्याचा धान घेतो दातानं, आन माहा विकाले काढला का मीटर! हसा, हसा. धंदा हाय तो. पन डॉक्टरकीत असं चालते काय?

तुमी पाह्यली ते खोली लिलाधर डॉक्टरची. काय हातगुन होता मानसाचा! बपेऱ्याचा गोमाजी मासोळीवाला तापानं फनफनत आला — डॉक्टरनं कपाळावर हात ठेवला, गोळी पुढं केली, तं गोमाजी म्हने, आता कायले, उतरला ना ताप! गोळी खिशात टाकून जाळं टाकाले गेला. आन डॉक्टर म्हने, "मशीन कायले पाहिजे, शेठ? माही पाच बोटं हायेत ना!" आमची हर्षाची माय — माही घरवाली जी — तिच्या पोटात सालभरापासून गोळा उठते. डॉक्टर पोट दाबे — "वायगोळा हाय वयनी, पेज प्या." आन खोटं कायले बोलू, त्यानं हात ठेवला का चार दिवस ती पोटभर जेवे.

मंग डॉक्टरच नागपूरले भरती झाला. मी चिन्नोर तांदळाचं चुंगडं घेऊन भेटाले गेलो — दोस्त ना जी! तं त्याची घरवाली, ममता वयनी, कौतुकानं सांगते, "हे दर दिवाळीले इथं सोनोग्राफी करून घेतात, भाऊजी, म्हनून पोटातली गाठ लवकर सापडली." दर दिवाळीले! आमाले सांगे, साळ्याकडे चाललो. आपल्या पोटाले मशीन, आन हर्षाच्या मायले पाच बोटं? मी त्याच्याकडे पाह्यलं, तो छताकडे पाहून राहिला होता. चुंगडं तितंच ठेवून आलो — आनलेलं परत कसं उचलू?

काय म्हनता? घरी सांगितलं काय? कसं सांगू! ती अजून म्हनते, भाऊजी येतील, हात ठेवतील. दुसऱ्या कोनाले पोटाले हात लावू देत नाही. काल अर्धी वाटी पेजबी गेली नाही —

ऐकलं? कन्हून राहिली. उठा, चहा मंग. आत जा आन म्हना, लिलाधर डॉक्टरनंच पाठवलं मले. म्हना, भाऊजीनं सांगितलं, वयनीले आजच तुमसरले नेऊन मशीनीवर पोट दाखवा. हो जी, त्याचंच नाव घ्या! माह्या सांगन्यानं ती उठत नाही, तुमाले तं वळखतबी नाही — त्याच्या नावानं उठन. खोटं? असू द्या ना खोटं… मी नाही येत आत. माह्या तोंडावरून ती सारं वाचते. जा — मागं पाहू नका, जा.