बाटली भरायची रीत

“ही बाटली खोटी आहे,” असं तो मगेसा म्हणाला, आणि म्हणाला कुठं, तर आमच्या केनियातल्या किसुमूच्या हॉलमध्ये, तीन देशांच्या माणसांसमोर, माझ्याकडे बोट करून! आता तुम्हीच सांगा, सत्तरी उलटलेल्या बाईकडे असं बोट करतात? मी उठले. गुडघे नको म्हणत होते तरी उठले. म्हटलं, मगेसा, वारा सुटला की तुमच्या टांझानियाची जलपर्णी आमच्या होड्यांना येऊन मिठी मारते, ती काय मी पेरते? तो म्हणतो, आजी, जलपर्णीचं नको, बाटलीचं बोला. मी म्हटलं, बाटलीचंच बोलते... आणि पुढं बोलत राहिले जलपर्णीचंच. कारण, तुम्हाला म्हणून सांगते, बाटलीचं बोलण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं.

झालं होतं असं. सरोवर एक आणि काठ तीन देशांचे, त्यामुळे घाण झाली की आम्ही केनियावाले युगांडाकडे बघतो, युगांडावाले टांझानियाकडे, टांझानियावाले आमच्याकडे, आणि मासे बिचारे तिघांचंही ऐकत ऐकत उलटे तरंगतात. म्हणून तिन्हीकडची माणसं एकत्र बसली आणि ठरलं की आपापल्या काठाचं पाणी आपणच बाटलीत भरायचं, एकाच ठिकाणी तपासायचं, आणि जिथलं सगळ्यात वाईट निघेल तिथल्या नाल्याच्या तोंडाशी यंदा लव्हाळ्यांचं तळं करायचं, म्हणजे घाण तिथंच अडेल. चांगलं ठरवलं, मी नावं ठेवत नाही. आमच्या काठाला येतो कत्तलखान्याचा नाला. सकाळी पाणी तांबडं असतं हो! पोट धड असलेलं एक पोर आमच्या वस्तीत दाखवा, मी ओमेना मासळी वाळवणं सोडून देईन. मग ते तळं कुणाला मिळायला हवं होतं? आम्हालाच की.

पाणी तपासणारी केमुन्तो, कालची पोर, पण खिशाला तीन पेनं, ती बाटली आमच्या किनाऱ्याच्या अध्यक्षाला, ओडुमाला, देऊन गेली. ओडुमानं ती माझ्याकडे आणली. का? तर चिठ्ठीवरचं नीट वाचणारी मी. शाळेत नाही गेले मी; मासे बांधायच्या रद्दीवर वाचायला शिकले, त्यामुळे आजही मला बातमी अर्धीच कळते, पण जेवढी कळते तेवढी पक्की. बाटलीवर लिहिलं होतं, आत बोट घालू नका, गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा. उकळू नका असं कुठं लिहिलं होतं? मागं-पुढं, बुडाशी, सगळीकडे बघितलं मी. नव्हतं! आणि मी असेंबो गावची लेक. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी इथं मला त्याच नावानं हाक मारतात, म्हणजे माझं काही चुकलं तर नाव माहेरचं जाणार. पाणी जाणार तीन देशांपुढं. पाहुण्याच्या हातात कच्चं पाणी देतं का कोणी?

मग काय... निकाल वाचला केमुन्तोनं. सत्तावीस किनारे, सगळ्यात स्वच्छ आमचा. एक जंतू नाही. ओडुमा असा काही फुगला की मला वाटलं शर्टाची बटणं पुढच्या रांगेत जातील. उभा राहून बोलला, आमच्याकडच्या बायका सरोवरात खवला टाकत नाहीत. अरे, तुझीच बायको काल आख्खी टोपली उपडी करत होती! पण टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्या पडताना माणूस किती गप्प राहू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मगेसाला मात्र पटेना. त्याची होडी आमच्या काठावरून जाते, त्यानं तो तांबडा नाला डोळ्यांनी बघितलाय. तिथून पेटलं. तो म्हणे लबाडी, ओडुमा म्हणे जळतोस, मी म्हणे जलपर्णी, मागचे म्हणे खाली बसा. आणि आत मला एकच टोचणी, की माझ्या शेजारणीचा नातू दोन आठवडे दवाखान्यात आहे आणि तळ्याच्या यादीत आमचा नंबर शेवटचा. पण तीन देशांपुढं मान खाली घालायची? आणि तुम्हीच सांगा, पाहुण्याच्या हातात कच्चं पाणी देतं का कोणी?

तेवढ्यात युगांडाची नब्विरे उठली. सुकी, काटकुळी बाई. मला वाटलं आता हीसुद्धा बोट करणार. तिनं काय करावं? मगेसाला आणि ओडुमाला हातानं खाली बसवलं, वही उघडली आणि माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली. म्हणाली, भांडून काय मिळणार, मागच्या पावसात माझी दोन नातवंडं घाण पाणी पिऊन गेली. ह्या किनाऱ्याला जमलंय तर आम्हाला शिकू दे. केमुन्तोही म्हणाली, खरंच, यांची रीत सव्वीस किनाऱ्यांना शिकवू, तळ्याचं मग बघू. सगळ्या माना माझ्याकडे. ओडुमा डोळ्यांनी मला सांगत होता, काहीतरी चांगलं सांग, आजी.

“सांगा ताई,” नब्विरे म्हणाली, “पाणी इतकं स्वच्छ ठेवता कसं? पहिल्यापासून सांगा.” आणि पेन टेकवून वाट बघत बसली.

मी एकदा मगेसाकडे बघितलं. एकदा त्या कोऱ्या पानाकडे. मनात म्हटलं, असेंबो, माफ कर. आणि खाली बसत म्हणाले,

“लिही बाई... चुलीवर तीन उकळ्या आणायच्या, रात्रभर निवू द्यायचं, धुतलेल्या लेसोच्या कापडातून दोनदा गाळायचं, आणि मग बाटलीत भरायचं.”