आत्याचं माहेर

साताऱ्यातल्या एका दवाखान्यात कालच्या कीर्तनातली चाल गुणगुणत मी नंबरची वाट बघत होतो. डॉक्टरांच्या खोलीतून सासू-सून बाहेर आल्या आणि शेजारी टेकल्या. सुनेच्या मांडीवरच्या लेकराचं पोट घागरीसारखं फुगलं होतं.

“माया, डागदर काय म्हनला गं? मला कायबी उमगलं न्हाई.”

“आत्या, अंगातल्या एकेका पेशीत केर जिरवायच्या बारक्या पिशव्या असत्यात. आपल्या बाळाच्या जलमापासनंच काम करीनात. केर साठतोय, म्हनून पोट फुगलंय.”

“आगं देवा! म्हंजी नजर न्हवं?”

“न्हाई. पिढीतनं आलंय.”

“मग तुज्या माहेरचंच असनार. आमच्यात असलं कवा न्हवतं.”

“आत्या, माजं माहेर ते तुमचंच की. भावाची लेक तुमीच हट्टानं सून करून आनली.”

“आसं काय बोलतीस?”

“आई-बाप दोघांकडनं खोट आली तरच ह्यो आजार हुतो. मला आबांकडनं आली, म्हंजी तुमच्या दादाकडनं. ह्यांना तुमच्याकडनं.”

“माज्याकडनं? आगं, मी ठणठणीत हाय!”

“आमीबी हाय की. एकाकडनंच आली तर कळत न्हाई.”

“इठ्ठला! रविवारी तुज्या दिराची, आपल्या कपिलची, आन तुज्या धाकल्या भैनीची सुपारी फुटायची हाय.”

“व्हय, आत्या. तेच मगापासनं सांगायचं हुतं.”

“लेकराला हिकडं दे. दादाला फोन लाव. मागनी मीच घातली हुती. दोघांचं रक्त तपासल्याबिगार सुपारी फुटनार न्हाई, हेबी मीच सांगते.”