डोनालचे शेवटचे शब्द

आयर्लंडमधल्या आमच्या केरी परगण्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत बसलो होतो. समोरच्या बाकावर म्हाताऱ्या अट्रॅक्टाबाई आणि त्यांचा शेजारी मालाकी.

"काकू, रविवारी स्मारकाशी येणार ना? तुमच्या डोनालमामावरची कविता यंदा माझी नात म्हणतेय."

"येईन की. शेवटच्या कडव्याआधी निघेन मात्र."

"तेच विचारायचंय कधीचं. 'आयर्लंड, तुझ्याचसाठी' म्हणून तो प्राण सोडतो, अख्खं गाव डोळे पुसतं, आणि तुम्ही छत्री उचलून चालू पडता!"

"त्याचं डोकं माझ्या आईच्या मांडीवर होतं. कविता लिहिणारा तेव्हा तिकडे दूर कॉर्क शहरात होता."

"मग खरं काय म्हणाला तो?"

"शंभर वर्षं झाली रे. कशाला आता?"

"सांगा ना. मी कुठे बोलणार नाही."

"तू? तू तर चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाही बोलतोस!"

"आईशप्पथ, नाही बोलणार."

"माझ्या आईला म्हणाला, 'केट, गाईची धार काढलीस का?'"

"एवढंच?"

"एवढंच. इंग्रज शिपाई गोळ्या घालून कोपऱ्यापर्यंतही गेले नव्हते, आणि याला गाईची काळजी."

"मग? काढली होती धार?"

"हे विचारणारा तू पहिलाच. नव्हती काढली. त्याचे डोळे मिटवून आई तशीच गोठ्यात गेली. तेव्हा तेरा वर्षांची पोर, रक्ताचे हात धुवायचंही सुचलं नाही तिला."

"अरे देवा."

"मरेपर्यंत काळा चहा प्यायली ती."