चिसोमो कोणाची

(चामोर्शीपासून आत, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या घराचं अंगण. दुपार. रुखमा आणि तिची लेक रिना पोपटाच्या (वालाच्या) शेंगा सोलत बसल्या आहेत. सावलीत बाजेवर दोन वर्षांची पोर झोपलेली.)

रुखमा : मंग मी काय सांगू लोकाइले? सकाळी बोरिंगवर इंदुताईनं साऱ्याइच्या समोर इचारलं, "रुखमाबाई, तुमची रिना आफ्रिकेतून पोरगी घेऊन आली म्हन्ते, कोनाची व?" मी अर्धाच हंडा भरून वापस आली.

रिना : सांगून द्यायचं, रिनाची आहे म्हून.

रुखमा : असं कसं सांगून देऊ? तुही कूस उजवली असती तं मले ठाऊक नसतं का? आन हिचे केस पाह्य. बोट घातलं तं अडकूनच राह्यते.

रिना : म्हणजे बोट घालून पाह्यलं तू. आल्यापासून तिला जवळ घेत नाहीस, आणि मी आंघोळीला गेली की केस चाचपते.

रुखमा : माशी बसली होती. बात पलटवू नको.

रिना : काल सांगितलं ना आई. तिची आई मर्सी. आमच्या दवाखान्यामागच्या वस्तीतली पोरगी होती. बाळंतपणात रक्त थांबलं नाही, माझ्यासमोर गेली. तिला आई नव्हती, भावांनी पोर घ्यायला नाही म्हटलं. मग तिथल्या कोर्टानं आम्हाला सांभाळायला दिली.

रुखमा : हे मायचं झालं. मी बापाचं इचारून राह्यली.

रिना : शेंगा सोल.

रुखमा : हे पाह्य! बापाचं नाव काढलं का तू शेंगाइत मुंडकं घालते. आन नाव काय ठेवलं, चिसोमो. तुह्या बाबाचं नाव सोमाजी, म्हून त्याइले फुगवाले ठेवलं का?

रिना : अगं, त्यांच्या चिचेवा भाषेत चिसोमो म्हणजे कृपा. बाबांचा काय संबंध? बाबा तर माझ्याशी धड बोलतही नाहीत. परवा दारात पाह्यलं, "आली का" म्हटलं, आणि सरळ बांधीत निघून गेले.

रुखमा : काय बोलन ते? विहारात लोकाइले सांगते का आपल्या बापानं चांद्याले जाऊन दीक्षा घेतली ते मानूस म्हून ताठ उभं रायासाठी. कोनी बायबल घेऊन दारात आला म्हून नाई. आन त्याचीच पोरगी दुसऱ्याच्या देशात जाऊन लोकाइचा धरम बदलवते.

रिना : मी कोणाचाच धर्म बदलवला नाही. मलावीत आम्ही राहतो तिथले लोक आजा-पणजापासून चर्चमध्ये जातात.

रुखमा : मंग तुमी कायले गेले? त्याइले तुमचा देव आधीच ठाऊक होता तं?

रिना : मी पण अजयला हेच विचारलं होतं, पहिल्या वर्षी. तो हसला. म्हणाला, देव ठाऊक आहे, नर्स ठाऊक नाही. तू तुझं कर, मी माझं करतो.

रुखमा : जवाई काय करते दिवसभर?

रिना : आगगाडीच्या रुळाचा तुकडा झाडाला टांगला आहे, पहाटे तो वाजवतो. प्रार्थना होते. मग शाळेत गणित शिकवतो. दुपारून मोटरसायकल काढून वस्त्यांवर जातो. कुठं मयत असते, कुठं नवराबायकोचं भांडण. त्यांच्या भाषेत प्रवचन देतो, भलतेच शब्द बोलतो, बाया तोंडाला कापड लावून हसतात. मी दवाखाना उघडायला गेली की पायरीवर पोटुशा बाया आधीच बसून असतात. पाणी पडलं की मलेरिया, आपल्या एटापल्लीकडं असते तसाच. चिसोमो दिवसभर माझ्या पाठीला बांधलेली. त्याच बायांनी मला बांधायला शिकवलं.

रुखमा : खाता काय?

रिना : मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, नाही तर भात. रविवारी मी वरण टाकते तर शेजारच्या घरची माणसं वाट्या घेऊन येतात.

रुखमा : एवढं सारं चांगलं आहे तं तू इथी कायले आली? न सांगता, न इचारता. जवाई कुठी? आन हा फोन घडीघडी वाजते, तू पाहून उलटा ठेवून देते.

रिना : रेंज नसते इथं.

रुखमा : रेंजच्या साऱ्या काड्या उभ्या आहेत. मी पाह्यल्या. शिकली नाई म्हून मी आंधळी नोहो.

रिना : आई, सुट्टी आहे माझी. मला आठवण आली तुमची. एवढं पुरत नाही का?

रुखमा : नाई पुरत. आठवन येते थो मानूस पयले फोन करते, मंग येते. तू चोरावानी आली. मारते का तुले?

रिना : नाही गं.

रुखमा : पेते?

रिना : अजय? तो चहासुद्धा अर्धा कप घेतो.

रुखमा : मंग बाई आहे. पाह्य, हात थांबला तुहा.

रिना : आहे नाही. होती असंल. आता कोणी नाही.

रुखमा : माह्याकडं पाह्य, रिना. हे पोरगी जवायाची होय का?

रिना : मले माहीत नाई, आई.

रुखमा : अरे बापा.

रिना : हळू बोल. उठेल ती.

रुखमा : हळूच बोलतो. तू सांग.

रिना : मर्सी चर्चमध्ये गायची. आवाज असा, की बाहेर शेळ्या चारणारे थांबून ऐकायचे. अजय तिला कीबोर्ड शिकवायचा, शाळा सुटल्यावर. मग ती अचानक यायची बंद झाली. आली ते एकदम पोट घेऊन. बापाचं नाव कोणालाच सांगेना. भावांनी मारलं, तरी नाही. ज्या दिवशी बाळंत झाली, रक्त थांबेना, मोठ्या दवाखान्याची गाडी यायला वेळ होता. तेव्हा तिनं अजयला बोलावलं. आणि मला म्हणाली, सिस्टर, तुम्ही घडीभर बाहेर जा. तिची नाडी धरून बसलेली मी, आणि मीच बाहेर.

रुखमा : तू गेली?

रिना : मरणाऱ्या माणसाला नाही कशी म्हणू? घडीभर गेली. परत आत आली तर अजयचे डोळे लाल. काय बोलणं झालं, त्यानं आजपर्यंत सांगितलं नाही. मर्सी गेल्यावर पोर माझ्या हातात ठेवून म्हणाला, ही आता आपल्याकडंच राहील. विचारलं नाही त्यानं. सांगितलं.

रुखमा : आन तू दोन वर्स गप्प राह्यली?

रिना : काय करू? भरवताना तिचं तोंड पाहायची. कान कोणाचे, कपाळ कोणाचं. एक डाव ती अजयसारखा हात डोक्याखाली घेऊन झोपली, तर माझ्या हातातलं ताटच सुटलं. वस्तीतल्या बाया मला पाहून बोलणं थांबवायच्या. मागच्या महिन्यात मी त्याला सरळ विचारलं, ही तुझी आहे का? त्यानं नाही म्हणायचं होतं, आई. एवढंच. तर म्हणाला, "तुला काय वाटते?" आणि पुढ्यात ताट ओढून जेवायला बसला.

रुखमा : म्हून पोरगी उचलून निंगाली.

रिना : नागपूरला तपासणी होते. बापलेकीचं जुळते का ते समजते. त्याचा दात घासायचा ब्रश घेऊन आली आहे मी. चोर म्हणाली ना तू? आहेच मी चोर.

रुखमा : आन जुळलं तं?

रिना : तर त्याच्याकडं परत जाणार नाही.

रुखमा : आन हे?

रिना : हेच समजून नाही राह्यलं. त्याच्यावरचा राग मी हिच्यावर कसा काढू? ही मला आई म्हणते. दुसऱ्या कोणाला म्हटलंच नाही तिनं कधी.

रुखमा : फोन वाजून राह्यला.

रिना : वाजू दे.

रुखमा : दे इकडं.

रिना : आई, नको ना…

रुखमा : हालो! जवाई, मी रुखमा बोलतो.

अजय : जयभीम, आई. रिना आहे का जवळ? तिला जरा द्या. परवापासून लावतो आहे.

रुखमा : आहे. इथंच बसून आयकून राह्यली, आवाज मोठा केला मी. पयले मले सांगा. हे पोरगी तुमची होय का?

अजय : …नाही, आई.

रुखमा : कशावरून?

अजय : तिचा बाप आमच्या ओट्यावर बसला आहे.

रिना : काय म्हणाला?

अजय : काल आला, रिना. लिम्बानी. नदीपलीकडच्या गावातला. लग्नापुरतं कमावून येतो म्हणून मर्सीला सांगून दक्षिण आफ्रिकेत गेला होता. तिथं कागद नव्हते, पकडला गेला, तुरुंगात होता. मर्सी गेली हे त्याला घरी आल्यावर कळलं.

रिना : आणि तुला हे सगळं ठाऊक होतं.

अजय : त्याचं नाव ठाऊक होतं. मर्सीनं सांगितलं होतं, त्या दिवशी. तिच्या भावांचं आणि लिम्बानीच्या घरच्यांचं जमिनीवरून वैर आहे. एकदा मारामारीत भावांकडचा माणूस गेला आहे. नाव फुटलं असतं तर त्याच्या म्हाताऱ्या आईला त्यांनी घरातून ओढून काढलं असतं. तो परत येईपर्यंत कोणालाच सांगू नका म्हणाली. बायकोलाही नाही. मी हो म्हटलं. काल त्यानं स्वतःच चर्चच्या म्हाताऱ्यांसमोर कबूल केलं. आज ते भावांना बोलावून समजूत घालणार आहेत.

रिना : नाव नको होतं मला, अजय. "माझी नाही" एवढे दोन शब्द पाहिजे होते. त्यानं कोणाचं घर मोडलं असतं?

अजय : कोणाचंच नाही.

रिना : मग?

अजय : तू विचारलं तेव्हा मला लागलं. सात वर्षं सोबत राहून तुला विचारावं लागलं, याचा राग आला. शब्द दिला होता हे खरं आहे, पण अर्धंच. बाकीचं माझं तोऱ्यात बसणं होतं. तू गेल्यावर घरात बसून मला समजलं.

रुखमा : ते तुमचं तुमी पाहून घ्या. मले हे सांगा जवाई, थोच बाप कशावरून? कोनीही येऊन ओट्यावर बसन आन म्हनन माही पोरगी!

अजय : मर्सीनं हेच नाव सांगितलं होतं, आई. आणि त्याला विचारायच्या आधीच त्यानं मर्सीचं सगळं सांगितलं.

रुखमा : दोन वर्स कुठी होता? दूध पाजाले नाई, हागमूत काढाले नाई. आता पोरगी धावाले लागली तवा आला! पोरीले घेऊन जाईन, आन उद्या दुसरी बायको करन, मंग हिले कोन पाहीन? हे पोरगी अंधारात झोपत नाई. ताट समोर ठेवलं तं पयले भाजी संपवते, मंग भात. त्याले ठाऊक आहे का हे?

रिना : आई, तुला कसं ठाऊक?

रुखमा : डोळे आहेत मले.

रिना : घडीभर आधी तूच विचारत होती, कोनाची पोरगी आणली म्हून.

रुखमा : ते घडीभर आधीचं. जवाई, तपासनी करा म्हना त्याले. रिनाले सारं ठाऊक आहे, नागपूरले होते म्हन्ते.

अजय : करू, आई. तो नाही म्हणणार नाही.

रिना : अजय, तो न्यायला आला आहे का तिला?

अजय : अजून काहीच मागितलं नाही त्यानं. तिचा फोटो दाखवला तर हातात घेतला नाही. लांबूनच वाकून पाहत राहिला.

रिना : काही तर बोलला असेल.

अजय : काल मी दार उघडलं तेव्हा एकच विचारलं. मुलगा झाला की मुलगी?

रुखमा : तेही ठाऊक नव्हतं त्याले?

अजय : कोण सांगणार होतं, आई?

रिना : अजय, मी येते. चिसोमोला घेऊन येते. त्याला सांग, तिला त्याच्यापासून लपवणार नाही. पण एकदम काढून पण देणार नाही, हे पण सांग. पहिले त्याला आमच्या घरी येऊ-जाऊ दे. तिनं ओळखलं पाहिजे.

अजय : सांगतो.

रिना : आणि तुला माफ केलं म्हणून येत नाही मी. ते वेगळं आहे. ते आल्यावर पाहू.

अजय : समजलं. तू ये.

रुखमा : लगेच नाई जात ते. चार दिस राहीन. रिनाच्या बाबानं अजून पोरीले जवळ घेतलं नाई. सांजच्याले बांधीतून आले का मी त्याइच्या मांडीवरच नेऊन ठेवतो, पाहू कसे नाई बोलत.

रिना : आई, उठली ती. घाबरली वाटते, कोण ओरडून राह्यलं म्हून.

रुखमा : तू बस, मी घेतो. ये व माय, ये. काई नाई, आजी होय मी… जवाई, फोन ठेवू नका. थो ओट्यावर बसला आहे म्हन्ता, त्यानं काई खाल्लं का?

अजय : नाही, आई. काल आल्यापासून पाणीच पितो आहे. आग्रह केला, तर मान हलवतो.

रुखमा : इचारू नका त्याले. ताट वाढून समोर ठेवा आन बाजूले बसा. बाप होय थो.