बीपीची म्हणून दिलेली गोळी

कुवेंपुनगरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूने पदर तोंडाशी धरला होता.

“अदिती, माझ्या उदासीच्या गोळ्या संपल्या.”

“महिन्याच्या होत्या ना, आई?”

“पाकीट पद्माक्काने नेलं.”

“आत्यांनी? त्यांना कशाला?”

“अय्यो, हळू बोल! सगळ्यांना मी बीपीच्या म्हणूनच सांगितलंय, अल्वा, हो ना? अक्काच्या संपल्या होत्या. म्हणाली, तुझ्यातल्याच दे. नाही कसं म्हणू?”

“खरं सांगायचं.”

“नणंदेला? माझं डोकं फिरलंय म्हणून अख्ख्या अग्रहारात घरोघरी सांगून येईल.”

“कधी नेलं?”

“चार दिवस झाले. झोप छान लागते म्हणाली.”

“म्हणजे चार दिवस त्यांना बीपीची गोळी नाही आणि तुम्हाला तुमची नाही! म्हणूनच तुम्हाला चक्कर येतेय.”

“मग मी बंदच करते. कटकट नको.”

“ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करतात. आधी आत्यांना फोन लावा.”

“तू सांग ना.”

“मी सांगितलं तर तुम्ही त्यांच्यासमोर कधी जाणारच नाही.”

सासूने पदर सोडून पिशवीतला मोबाइल काढला. मग फोन लागला.

“अक्का, जेवलीस? ... सुम्ने, सहजच केला गं फोन. ... नाही, सुम्ने नाही. अक्का, ती गोळी घेऊ नको. आजच तुझ्या डॉक्टरला दाखव. ती बीपीची नाही. मला उगाचच रडू येतं, त्याची आहे.”